करवंदीची मेणबत्ती

टक्.

एवढाच आवाज झाला. दुपारच्या घरात कुणी झोपेत बोट मोडावं तसा. योगिनी ओट्यापाशी उभी होती, हातात थर्मामीटर, नजर खिडकीबाहेरच्या दोरीवर. दोरीवरचा लेकीचा, काजलचा शाळेचा फ्रॉक वाऱ्यानं पोट फुगवून पुन्हा रिकामा होत होता, आणि ते ती किती वेळ बघत होती कोण जाणे. आवाज कुठून आला हे कळायला जरा वेळ लागला. मग दिसलं. ओट्यावर जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेल्या बारा काचेच्या बरण्या, त्यांतल्या डावीकडून तिसरीला बुडापासून गळ्यापर्यंत केसासारखी एक चीर गेली होती. आतलं मेण अजून पुरतं गोठलं नव्हतं, दुधावर साय धरावी तसं वरवर धरलेलं, आणि चिरेतून त्याचा एक पांढरा थेंब हळूच बाहेर येऊन तिथंच थिजला. बरणी गार राहिली असणार. ओतायच्या आधी प्रत्येक बरणी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेकून घ्यायची, हे शहापूरच्या बचत गटातल्या बायकांना तिनंच शिकवलेलं. ‘काच म्हणजे बाळंतीणच गो, गार लागू द्यायचा नाय तिला,’ असं गट चालवणाऱ्या रंगूताई त्यावर म्हणायच्या आणि बायका हसायच्या. आज तीच विसरली. पण विसरल्याचं वाईट वाटायला हवं तेही वाटलं नाही. बरणी तडकली, एवढं तिनं पाहिलं. वर्षभर ती सगळं असंच पाहत होती, बंद खिडकीच्या काचेपलीकडून पाहावं तसं. पलीकडे माणसं तोंडं हलवतायत, झाडं हलतायत, आणि आवाज मात्र आपल्याच घरातल्या पंख्याचा.

खरं तर या वेळी घर वासानं भरून गेलेलं असणार. असणार, म्हणजे असायलाच हवं, कारण मेण पासष्ट अंशांवर आल्यावर तिनं त्यात शंभराला आठ या मापानं सुगंधी तेल घातलं होतं, घड्याळ लावून दोन मिनिटं हलवलं होतं. शेजारच्या खोलीत चटईवर झोपलेल्या काजलनं झोपेतच नाक चोळलं, त्यावरूनही तिला तो वास पोचल्याचं दिसत होतं. तिला स्वतःला काही येत नव्हतं. बरणीत नाक घातलं तरी नाही. कोमट हवा तेवढी नाकात शिरायची, नुसती हवा. गेलं वर्षभर तिच्यासाठी चहा म्हणजे गरम पाणी होतं, डाळ म्हणजे खारट पाणी आणि काजलचं डोकं म्हणजे केस. ही शेवटची गोष्ट ती मनातल्या मनातसुद्धा पटकन उरकायची. न्हाऊन आलेल्या पोरीच्या टाळूवर नाक टेकवायची सवय गेली नव्हती. टेकवायची, हुंगायची, आणि काही नाही. गटातल्या कुणाला हे माहीत नव्हतं. नवऱ्याला, किशोरलाही नाही. तो भातसानगरला धरणाच्या दरवाजांच्या देखभालीवर, संध्याकाळी दमून यायचा आणि उंबऱ्यातच म्हणायचा, ‘काय मस्त वास सुटलाय गं!’ ती म्हणायची, ‘हं.’ एकदा दूध करपून पातेलं काळं झालं, तेव्हा ती शेजारी बसून तांदूळ निवडत होती. एकदा गॅसचं बटण अर्धवट राहिलं आणि काजल नाक धरून धावत आली, ‘आई, घाण वास येतोय!’ तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, पोरीला अंगणात नेऊन बसवलं, सगळं नीट केलं. मग तासाभरानं कपडे वाळत घालताना तिचे पाय लटपटायला लागले. मन मात्र तेव्हाही गप्पच होतं. पाय घाबरले होते, ती नव्हती. शहापूरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून नाकात पाहिलं, ॲलर्जी म्हणाले, फवारा दिला. तो तिनं संपवला. रिकामी बाटली अजून फळीवर आहे.

आणि गटात तिला सगळ्या म्हणायच्या काय, तर नाक. ‘आमचं नाक आटगावला राहतं,’ असं रंगूताई नव्या बाईला सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका दुकानवाल्या मॅडमनी विचारलं होतं, आम्हाला वसंत ऋतूची मेणबत्ती पाहिजे, ताजी, हिरवी, गोडमिट्ट नको. रंगूताईंनी बैठकीत ते जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाल्या, ‘वसंत म्हणजे आमच्याकडं धुरळा आणि पाण्याचा टँकर. त्याचा वास देऊ का गो तिला?’ सगळ्या हसल्या, योगिनी हसली नाही. तिच्या डोक्यात म्हसा गावापलीकडची टेकडी आली होती, माहेरच्या मागची. शिमगा उरकला की त्या टेकडीवर करवंदीच्या जाळ्या फुलायच्या. बारीक पांढरी फुलं, लांबून दिसायचीसुद्धा नाहीत, पण शाळेतून येताना वळणावर वारा फिरला की सगळी वाट वासानं भरायची. मोगऱ्यासारखा, पण मोगरा नव्हे. मोगऱ्याला माणसांची सवय असते, हा वास रानटी होता, त्याच्यामागं कुठंतरी मोडल्या फांदीचा कडू चीक असायचा. अकरा दुपारी ती बाटल्या घेऊन बसली. काजल झोपलेली असेल तेवढाच वेळ, जास्तीत जास्त सव्वा तास. कापसाच्या बोळ्यावर लिंबाच्या सालीचं तेल, हिरव्या पानांचं, मोगऱ्याचं. नाकानं मोजायचं, बोळा फेकायचा, पुन्हा. सगळं यायचं, कडूपण यायचं नाही. अकराव्या दुपारी काजल उठून रडली. तिला घेताना पोरीच्या कपाळाला आजीनं लावलेल्या वेखंडाचा वास आला, आणि योगिनी तिला कडेवर घेऊनच ओट्याशी परत गेली. वेखंडाच्या तेलाचा जेमतेम थेंब. बोळा हुंगला आणि तिला वळण दिसलं, दप्तर दिसलं, पायातली एक तुटकी चप्पल हातात धरलेली दिसली. प्रमाणाचा तो कागद अजून फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. त्यावर सगळ्या तेलांपुढे ग्रॅम आहेत. शेवटच्या ओळीत फक्त लिहिलंय: वेखंड, अंदाजानं.

तिची आई, गंगी, तेव्हा महिन्यातून एकदा आटगावला यायची. पहिल्या तयार बरणीचं झाकण योगिनीनं तिच्या नाकाखाली उघडलं. आई आधी जरा मागं सरकली, तिला वाटलं औषध आहे. मग तिचे डोळे बारीक झाले.

‘ह्यो तं आपल्या करवंदीच्या जाळीचा वास! जाळी बाटलीत भरलीस का गो?’

‘आवडला का?’

‘आवडाय काय झालं? पर तुमच्या मुंबईवाल्यांना काटं नाय लागायचं,’ ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर मशेरीनं काळे झालेले दात दाखवत हसली. जाताना ती बरणी लुगड्याच्या पदरात बांधून घेऊन गेली. पुढच्या खेपेला योगिनी माहेरी गेली तर बरणी देवाच्या फळीवर, तेलाच्या बाटलीशेजारी, तशीच. वात कोरी. ‘अगं, पेटवायची असते ती.’ ‘पेटवली तं संपल ना,’ आई म्हणाली. अनंता, योगिनीचा धाकटा भाऊ, हसत सांगत होता की म्हातारी रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की बरणीचं झाकण उघडते, एकदा नाक लावते आणि लगेच घट्ट लावून टाकते, उगाच वाया जायला नको म्हणून. योगिनीला तेव्हा त्याची गंमत वाटली होती. तिनं आईला सांगितलं होतं, दुसरी देईन, तिसरी देईन, गटात ढीग असतो. आई म्हणाली, ‘ही हाय ना.’

आई गेली ती गेल्या वर्षी शिमग्यानंतर बारा दिवसांनी, टेकडी फुललेली असताना. दुखणं असं नव्हतं, दुपारी पाठ टेकली आणि उठली नाही. योगिनी काजलला घेऊन पोचली तेव्हा बायका गळ्यात पडून रडल्या. योगिनी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली, जणू त्यांचीच आई गेली होती. आई जिथं निजली होती तिथं जमीन सारवून दिवा ठेवला. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. मावशी, आईची पाठची बहीण काशी, सगळं बघत होती. तिच्या हातात काम होतं, तोंडात रीत होती, त्यामुळं तिला रडायला आणि थांबायला दोन्हींना जागा होती. योगिनीच्या हातात काही नव्हतं. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी मावशीनं दिव्याजवळ तांदळाचं पीठ पसरलं, हाताच्या काठानं असं सारखं केलं की पाण्यासारखं दिसावं, आणि त्यावर कोंबड्या झाकायची डाल पालथी घातली. सकाळी डाल उचलायची. गेलेलं माणूस रात्रीतून आपल्या जागी एकदा येऊन जातं, पुढं जो जन्म घेणार त्याची पावलं पिठावर उमटतात. पाखराची, गाईची, लहान बाळाची. योगिनीचा यावर विश्वास होता का? असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. मेणाच्या तपमानावर तिचा विश्वास होता. पण वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि पिठावर बैलाच्या खुरासारखं काहीतरी उमटलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती पोळ्याला गावातल्या प्रत्येक बैलाच्या डोळ्यांत बघत फिरली होती, हेही खरं होतं.

डाल घालून मावशी विहिरीवर गेली. अनंता तेल आणायला म्हशाला गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. घरात योगिनी आणि पाच वर्षांची काजल. कातरवेळ. बाटलीतलं तेल संपलं होतं, दिव्यात तळाशी चमचाभर, वात काळी पडून चरचरायला लागली. योगिनीनं बाटली दिव्यावर उपडी धरली, दोन थेंब पडले. शेजारी मागायला जावं तर तेवढ्यात विझेल, आणि विझला तर मावशी काय म्हणेल, आणि आई. ज्योत वाटाण्याएवढी झाली, निळी झाली. तेव्हा तिला फळीवरची बरणी दिसली. वर्षभर मेणबत्त्या करणाऱ्या हातानं जे केलं असतं तेच तिच्या हातानं केलं. झाकण काढलं, बरणी तिरकी केली, दिव्याच्या शेवटच्या ज्योतीवर कोरी वात धरली. पेटली. दिवा विझला, पण ज्योत तीच होती, एका वातीवरून दुसरीवर गेलेली. तिला आठवतं, त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिनं आईसाठी काहीतरी नीट केलं होतं. चाळीस तास जळणारी, काचेत असल्यानं वाऱ्याला न भिणारी. मावशी परत आली, दारातच थबकली, नाक वर करून तिनं हवा हुंगली, बरणीकडं पाहिलं. पेटलेलं विझवायचं नाही म्हणून तिनं बरणी तशीच राहू दिली. भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

सकाळी चार माणसं जमली. अनंतानं डाल उचलली. पीठ तसंच होतं. सारखं, पाण्यासारखं. पाखरू नाही, खूर नाही, एक रेघही नाही. कुणीतरी खोकलं. मग काशी मावशी बोलली, फार हळू, चिडूनसुद्धा नाही.

‘कशी येल गो ती? दाराशी आली असल. घरात तिच्या घरचा वास नाय. तेलाचा नाय, धुराचा नाय. ह्यो बाजाराचा वास. वलखलाच नसल तिनं.’

‘गप ना मावशे,’ अनंता म्हणाला.

‘मी काय बोलते? दिव्याच्या जागी बाटली लावली, ती बाटलीच बोलते.’

योगिनीला सांगता आलं असतं की हा वास तिला आवडायचा, ती रोज झाकण उघडायची. तिनं पुढं होऊन बरणी उचलली, फुंकर मारली. वातीतून धुराची दोरी निघाली आणि सरळ तिच्या तोंडावर आली. तेव्हा तिला कळलं की त्या धुराला वास नाही. चुलीला नव्हता. अंगणात शेण सारवलं होतं त्याला नव्हता. संध्याकाळी ती एकटीच टेकडीवर गेली, जाळीतली फुलांची फांदी दोन्ही हातांनी तोंडावर दाबली, गालाला काटे लागले, बोटांना पांढरा चीक लागला. टेकडी नुसती दिसत होती. त्या दिवसापासून जे बंद झालं ते झालंच, आणि रडणंही त्याच दारामागं राहिलं. आईचं एक लुगडं तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कपाटात ठेवलंय. ती ते उघडत नाही. उघडलं की थोडा वास जाणार, आणि गेलेला कळणारही नाही.

फोन वाजला. रंगूताई.

‘काय गो, झाला का नमुना? चारला निघते मी स्कूटीवर. मॅडमचा सकाळपास्नं तिसरा फोन. मागच्या खेपेला म्हणते, आधीसारखा वास नाय. एकीला तर म्हणे दवाखान्यात बसल्यासारखा वाटला. मी म्हटलं, मॅडम, आमचं नाक बसलं नाय, तुमचं तपासा!’

‘असं म्हणालात?’

‘मनात म्हटलं. तोंडानं हो मॅडम, सॉरी मॅडम. हे बघ, ह्या वेळी नाय जमलं तर ती दुसरीकडं बघणार. आपल्या सात जणींचं तेवढंच एक काम चाललंय बारमाही. पण तू हायस म्हणून मला घोर नाय.’ मग जरा थांबून, ‘तुझा आवाज असा का येतोय? सर्दी झाली का?’

‘हो. सर्दी.’

‘वर्षभर तुझी सर्दीच चाललीय बाय. वाफ घे,’ रंगूताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, माहीत असल्यासारखं, किंवा योगिनीला तसं वाटलं. एका वाक्याचं तर काम होतं. रंगूताई, मला वास येत नाही. ते वाक्य तिनं जिभेवर घेतलं. ते जड नव्हतं, कडूही नव्हतं, त्याला कसलीच चव नव्हती, म्हणूनच बहुधा ते बाहेर पडलं नाही. ‘चारला या,’ ती म्हणाली. फोन ठेवताना तिला दिसलं की सकाळी अनंताचा मेसेज येऊन पडलाय: रविवारी वर्षश्राद्ध, दहापर्यंत पोच. आणि खाली, मावशी बोलली ह्या वक्ताला ती बाटली आणू नको. मागं हसण्याचं चित्र टाकलं होतं, म्हणजे राग मानू नये म्हणून. तिनं राग मानला नाही. ती दुसरंच मनात घोळवत होती, जे वर्षभर, भांडी घासताना, वेणी घालताना, रात्रंदिवस तिच्या मनात एका जागी उभं होतं, न हलता. आई आली होती का? दारापर्यंत आली आणि माझ्या हातची बरणी बघून परत फिरली का? बाकी सगळं, मॅडम आणि दुकान आणि नाकसुद्धा, त्याच्या पुढं उभं राहून मागं बघत होतं.

‘आई, काय फुटलं?’

काजल दारात उभी होती, गालावर चटईच्या रेघा, एका हातानं पोट खाजवत. सहा वर्षांची झाली तरी झोपेतून उठल्यावर ती दोन वर्षांची दिसायची.

‘बरणी. हात लावू नको. ये, खेळ खेळू या.’

खेळ म्हणजे वासाचा खेळ. सहा महिने झाले तो चालू होता. योगिनी डोळे मिटायला सांगायची आणि नाकाखाली काहीतरी धरायची. काजल सांगायची: चिंच, पावडर, बाबांचा शर्ट, पाऊस येणाराय. ती वेखंडाचा अंदाज आता या पोरीच्या नाकानं घेत होती. पोरगी कधी म्हणे जास्त, कधी म्हणे कमी, कधी कंटाळून म्हणे मस्त, आणि मुंबईला बरण्या जायच्या. आज तिनं उरलेल्या मेणाची वाटी पुढं धरली. काजलनं डोळे मिटले. तिच्या नाकपुड्या हलल्या, एकदा, दोनदा, सशासारख्या. योगिनी त्या नाकाकडं बघत राहिली. एवढंसं नाक, आईवर गेलेलं, टोकाला जरा बसकं.

‘औषधाचा वास,’ काजल म्हणाली.

‘औषधाचा कसा? नीट घे.’

‘नीटच घेतला. खोकल्याचं औषध. असा नव्हता तो.’

‘कोण असा नव्हता?’

‘आजीच्या घरचा. खरा.’ काजलनं डोळे उघडले. ‘तो असा होता की, आधी फूल येतं, मग जरा वेळानं कडू येतं. हा पहिल्यांदाच कडू येतो. आणि आई, तुला येतच नाय ना वास? मला माहीताय. तू मलाच विचारतेस सारखी.’

योगिनीनं वाटी ओट्यावर ठेवली. नीट ठेवली, आवाज न होऊ देता. ‘तुला कसा आठवतो आजीच्या घरचा? ती बरणी तर बंदच असायची.’

‘ती जळत होती ना! पिठाच्या बाजूला. मी तिथंच तर झोपलेले, काशी आजीच्या गोधडीत. सगळी रात्र वास येत होता.’ काजल आता ओट्याला टेकून एका पायावर उभी राहिली, दुसरा पाय पोटरीवर घासत. तडकलेल्या बरणीवरचा मेणाचा थेंब तिनं नखानं टोकरून काढला, नको सांगितलं होतं तरी. ‘आई, तिथं पीठ का सांडून ठेवलेलं?’

‘सांडलेलं नव्हतं. मुद्दाम पसरलेलं.’

‘का?’

बाहेर हायवेवर एक ट्रक गिअर बदलत चढाला लागला. मग तिनं सांगितलं, गोष्ट सांगावी तसं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ते तिच्याकडं नव्हतंच. की आपलं माणूस गेलं तरी एकदा घरी बघायला येतं. तेव्हा त्याचं रूप बदललेलं असतं, ते चिमणी झालेलं असतं, वासरू झालेलं असतं, काहीही. आपल्याला ते दिसत नाही. पण पिठावर त्याची पावलं उमटतात, म्हणून सकाळी आपण बघायचं, कोण होऊन आलं होतं.

‘मग आजीची उमटली?’

‘नाही.’

‘का?’

‘नाही उमटली. आली नसेल.’

हे वाक्य तिनं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. म्हटल्यावर काही झालं नाही. पंखा फिरत होता, खिडकीबाहेर फ्रॉकनं पोट फुगवलं आणि सोडलं. पोटरीवर घासणारा पाय काजलनं मात्र खाली ठेवला. बोटांमधल्या मेणाची तिनं गोळी केली, चपटी केली, परत गोळी केली. शाळेत काही मोडून आली की करायची तसं तिचं तोंड झालं होतं.

‘आई, रागवणार नाय ना?’

‘नाही.’

‘शप्पथ?’

‘नाही रागवणार. बोल.’

‘मी सकाळी उठलेले. सगळी झोपलेली, काशी आजी घोरत होती, असं.’ तिनं घोरून दाखवलं, पण हसली नाही. ‘मी डालीच्या भोकातनं बघितलं. पिठात मुंगळा होता. मोठा, काळा. तो चालत होता ना, तर बारीक बारीक टिंबं उठत होती, शिवणीसारखी. अशी लांब रेघ झालेली. तो मेणबत्तीकडं चाललेला, वास घ्यायला. मला वाटलं पीठ घाण झालं, आता काशी आजी ओरडल. मग मी डाल अशी वर केली आणि त्याला उचलला. आणि पीठ हातानं सारखं केलं, तिनं केलेलं ना, तसंच. एकदम सारखं.’

योगिनीचा हात तडकलेल्या बरणीवर होता. काच अजून कोमट होती. चिरेवरून तिचं बोट खालून वर गेलं, गळ्यापर्यंत, आणि परत खाली आलं. बोटाला काहीतरी लागलं असावं, कारण काचेवर एक तांबूस रेघ उठली, पण ती कुणा दुसरीच्या बोटाची असल्यासारखी ती त्या रेघेकडं बघत होती. बारीक बारीक टिंबं. शिवणीसारखी. मेणबत्तीकडं.

‘मुंगळ्याचं काय केलंस?’

‘दाराबाहेर सोडला. तर तो परत आत आला. उंबऱ्यावरनं. परत पिठाकडंच जायला लागला. मग मी त्याला पानावर घेतला आणि लांब, पार करवंदीपाशी नेऊन टाकला.’ काजल तिच्याजवळ आली, तिच्या साडीच्या निऱ्या मुठीत धरल्या, मान वर केली. तिचं बसकं नाक थरथरत होतं.

‘आई, ती आजी होती का गं?’